किंमत वाढवणारे लांजेवार भाऊजी

माझ्या बैठकीच्या भिंतीवर सासऱ्यांचा फोटो आहे. एका रविवारी सकाळी मी खाली बसून चहा घेत होते, तेवढ्यात भिंतीतून घर्रर्र आवाज आला आणि सासऱ्यांच्या डाव्या कानातून ड्रिलचं टोक बाहेर आलं. काच खाली पडली. टोक थोडं फिरलं, थांबलं आणि आल्या वाटेनं परत गेलं. हयातीत सासऱ्यांनी कोणाचंच काही कानावर घेतलं नव्हतं, त्यामुळे ही त्यांच्या कानात शिरलेली पहिलीच गोष्ट म्हणायची.

थोड्या वेळानं शेजारचे लांजेवार भाऊजी दारात उभे. अंगात बनियान, खऱ्या कानावर पेन्सिल, केसांत विटेची भुकटी.

"वहिनी, तुमच्या बाजूनं काही निघालं का?"

"निघालं ना. आमच्या सासऱ्यांच्या कानातून निघालं."

भाऊजी आत आले. फोटोला नमस्कार केला, मग चष्मा कपाळावर चढवून भोकाकडे पाहिलं. चेहऱ्यावर पश्चात्ताप येईल म्हणून मी वाट पाहत होते.

"सरळ आलं," ते म्हणाले. "लेव्हलमधी आहे."

"काहून पाडून राह्यले भोकं?"

"मसाल्याच्या डब्याईसाठी उघडी फळी ठोकून राह्यलो. आजकाल बंद कपाट कोणी पाहत नाई. उघडी फळी पायजे. घराची किंमत वाढते."

"अन् आमच्या घराची?"

"तुमच्या भोकात पुट्टी भरून देतो ना. तुमचीही वाढन."

पुट्टी त्यांनी खरंच भरून दिली. फोटोची काच बदलून दिली. कानाला मात्र पुट्टी चालेना, म्हणून तो काळ्या स्केचपेननं भरला. तेव्हापासून आमचे सासरे कोणाशी तरी मोबाइलवर बोलत असल्यासारखे दिसतात. त्या दिवशी आमच्यात एक करारही झाला. दोन्ही घरांमधली भिंत सामाईक आणि अर्ध्या विटेची, तेव्हा भोक पाडायच्या आधी भाऊजींनी बोटाच्या पेरानं टकटक करायची, मी फोटो उतरवायचा आणि इकडून टकटक करायची, मग मशीन सुरू. हा करार त्यांनी शेवटपर्यंत पाळला.

बालाघाटच्या एका मोठ्या शाळेत भाऊजी प्रयोगशाळा सहायक होते. नोकरीभर त्यांनी काचेच्या नळ्या धुतल्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि दुसऱ्यांच्या प्रयोगांची मांडामांड केली. स्वतः प्रयोग करायची संधी निवृत्तीनंतर आली, आणि हाताशी घर होतं. आमच्या घरी बल्ब गेला तर 'हे' अंधारात बसून राहतात आणि अंधाराचे फायदे सांगतात. त्यामुळे सुरुवातीला मला भाऊजींचं फार कौतुक होतं. कुंदाताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मी एकदा म्हटलंही की नशीबवान आहात, घरात हात चालवणारा माणूस आहे. त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं.

"घेऊन जा," त्या म्हणाल्या. "मशीनसगट."

भाऊजींचे गुरू मोबाइलमध्ये राहत. एक चकचकीत पोरगा, ज्याच्या घरात घासायचा राहिलेला तवा कधी दिसला नाही, तो हिंदीत सांगायचा की कमी खर्चात घराची किंमत कशी वाढवावी. भाऊजी त्याचं बोलणं हात जोडून ऐकत नसत एवढंच. 'कमी खर्चात' हा त्यांचा मंत्र होता. मागची खिडकी त्यांनी कमी खर्चात रंगवली, तो रंग उडाला म्हणून परत कमी खर्चात रंगवली, आणि तिसऱ्यांदा रंगवताना पल्ला निखळला, तेव्हा पल्लाही कमी खर्चात बसवला. ती खिडकी नंतर कधी उघडली नाही. "हवा तशीही तिकडून येत नव्हती," असं भाऊजींचं मत पडलं.

शर्टाच्या खिशात पेन असावं तिथं त्यांच्या मापाची टेप असे. लग्नाला गेले तर जेवायच्या आधी हॉल मोजत. कोणाच्याही घरी गेले की खुर्चीत बसण्याआधी भिंतीवर पेरानं टकटक करून कान लावत, आणि मग यजमानांना भिंतीची तब्येत सांगत. "प्लास्टर सुटलं आहे" हे वाक्य त्यांनी गावात इतक्या घरी सांगितलं होतं, की काही लोक त्यांना पाहताच भिंतीला पाठ लावून उभे राहत.

आता हे सगळं एखादा माणूस स्वतःच्या घरासाठी करतो, तेव्हा आपण त्याला हौशी म्हणतो. पण ते घर लांजेवारांचं नव्हतंच. ते भाड्यानं राहत होते.

घराच्या मालकीणबाईंना सगळे अम्माजी म्हणत. त्या मुलाकडे जबलपूरला राहायच्या आणि दिवाळीच्या आगेमागे घर पाहायला यायच्या. भिंतीवरून हात फिरवायच्या, नवीन काय केलं ते विचारायच्या, कुंदाताईंच्या हातच्या चकल्या खायच्या आणि निघताना एकच वाक्य म्हणायच्या. "लांजेवारजी, आपने तो इस मकान को घर बना दिया. जब भी बेचूँगी, आप ही को दूँगी." ते ऐकून भाऊजी फाटकापर्यंत त्यांची पिशवी उचलून न्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी मशीन नव्या जोमानं सुरू व्हायची.

"कागदावर घ्या," कुंदाताई म्हणायच्या.

"अम्माजीच्या शब्दाले कागद मागू? बरं दिसते का?"

"साक्षीदार कोण आहे मंग? हे उघडी फळी?"

त्या मला सांगायच्या, "बाई, आमच्या यायचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या घरात गेलं." भाऊजींचे वडील भरवेलीच्या खाणीत होते. घर म्हणजे खाणीचं क्वार्टर. वडील गेल्यावर ते खाली करावं लागलं, तेव्हा भाऊजींच्या आईनं सामान बाहेर काढल्यावर परत आत जाऊन सगळं घर सारवलं होतं. उद्या दुसरं कोणी येणार म्हणून. लहानपणी पाहिलेलं हे एक दृश्य भाऊजींच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, आणि त्याच्या शेजारी दुसरी गोष्ट बसली होती, ती म्हणजे मरायच्या आधी एक घर आपलं पाहिजे. एवढीच त्यांची मागणी होती. निवृत्तीचे पैसे त्यांनी त्यासाठीच बँकेत ठेवले होते आणि त्यांना हात लावू देत नव्हते. कमी खर्चाचं खरं कारण तेच.

मी शिक्षिका होते, प्राथमिक का असेना. मला हिशेबातली चूक दिसली की राहवत नाही. एकदा ओसरीत मी त्यांना सरळ विचारलं, "भाऊजी, विकणारा माणूस किंमत वाढवते. तुम्ही तर घेणारे आहात. भाजीवालीपाशी बसून तिच्या वांग्यायची तारीफ करता अन् मंग भाव करता, असं झालं हे."

भाऊजी जरा विचारात पडले. मग म्हणाले, "पण वहिनी, घर तर आपलंच होणार आहे ना."

"झालं की मंग वाढवा."

"तवापर्यंत असं खराब राहू देऊ?"

मी चहा संपवला.

एकदा शाळेच्या रंगाऱ्याकडे दोन रंगांचे अर्धे डबे उरले, ते भाऊजींना फुकट मिळाले. शाळेच्या भिंतींचा असतो तो पिवळा, आणि खालच्या पट्ट्याचा तपकिरी. भाऊजींनी घराचा दर्शनी भाग रंगवून काढला. घराचं तोंड चांगलं दिसलं की गिऱ्हाईक आत येतं, असं त्या मोबाइलमधल्या पोरानं सांगितलं होतं. पोराचं खरं निघालं. आधी पोलिओचे डोस पाजणाऱ्या बायका आल्या आणि ओसरीत टेबल मांडून बसल्या. मग एक बाप पोराचा दाखला घेऊन आला. आणि निवडणुकीच्या दिवशी सकाळी मी अंगण झाडायला निघाले, तर लांजेवारांच्या ओसरीत म्हाताऱ्यांची रांग लागलेली, प्रत्येकीच्या हातात ओळखपत्र. भाऊजींनी त्यांना हाकललं असेल असं वाटतं का? त्यांनी सगळ्यांना चहा पाजला आणि आत नेऊन उघडी फळी दाखवली. मतदानाची खोली पुढच्या चौकात आहे हे त्यांनी सगळ्यात शेवटी सांगितलं.

"पाह्यलं, वहिनी? सरकारी बिल्डिंगसारखं मजबूत दिसते."

पण माझ्या मते भाऊजींची खरी खासियत वेगळीच होती. घरात जे खरं असेल ते झाकायचं आणि वरून त्याचंच चित्र लावायचं. आतल्या खोलीच्या भिंतीला ओल यायची. तिच्यावर त्यांनी मऊ फोमच्या खोट्या विटा चिकटवल्या, मागचा कागद सोलून लावायच्या असतात त्या. घर मुळात विटांचंच. विटांवर प्लास्टर, प्लास्टरवर चुना, चुन्यावर ओल, आणि ओलीवर विटांचं चित्र. त्या पावसाळ्यात त्यांचे जावई गोंदियाहून आले. पंगत त्याच खोलीत बसली, कारण दाखवायची होती. जावईबापूंनी पहिला वडा उचलला आणि वरची विटांची पट्टी सुटून त्यांच्या डोक्यावर आली. ते ताटावरून उठून थेट अंगणात गेले. कुंदाताई वाढता वाढता थांबल्या नाहीत.

"बसा, जावईबापू," त्या म्हणाल्या. "वीट खोटी आहे. ओल खरी आहे."

दाराचं तर मी अजून मनातून काढलेलं नाही. पुढचं दार दोन पल्ल्यांचं, अस्सल सागवानी, अम्माजींच्या सासऱ्यांच्या काळचं. आमच्या बालाघाटचा साग दूरदूरच्या गावांत जातो, लोक त्याच्यासाठी वाट पाहतात. एक दिवस पाहते तर भाऊजी त्या दारावर लाकडाच्या डिझाइनचा प्लास्टिकचा कागद चिकटवत होते. फडक्यानं बुडबुडे काढत होते, जीव लावून.

"भाऊजी, हे सागवान आहे."

"हौ."

"त्याच्यावर लाकडाचं चित्र काहून लावून राह्यले?"

"जुनं दिसते, वहिनी. पाहणाऱ्याले लाकूड नवीन दिसलं पायजे."

त्या दिवशी मला खरोखर राग आला. मी बरंच बोलले. सागाच्या दारावर प्लास्टिक लावणाऱ्या माणसाला जंगल खात्यानं पकडलं पाहिजे, असंही म्हटलं. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "या कागदाचा एक तुकडा उरला आहे. तुमच्या फ्रिजले लावून देऊ का?"

मग अम्माजी गेल्या.

भाऊजी आणि कुंदाताई तेरवीला जबलपूरला जाऊन आले. तिथं राजेशबाबूंच्या, म्हणजे अम्माजींच्या मुलाच्या बंगल्यात, अम्माजींच्या हार घातलेल्या फोटोशेजारी उभं राहून भाऊजींनी भिंतीवर टकटक केली, असं कुंदाताईंनी सांगितलं. पण या वेळी भिंतीबद्दल काही बोलले नाहीत. रडत होते. तिथंच राजेशबाबू म्हणाले की पुढच्या महिन्यात बालाघाटला येतो, घराचं काय ते ठरवून टाकू.

राजेशबाबू यायच्या आदल्या दिवशी लांजेवारांच्या ओसरीत आमची सभा बसली. अध्यक्ष कुंदाताई.

"ऐका आता," त्यांनी भाऊजींना समोर बसवलं. "त्या फोमच्या विटा काढून टाका. ओल दिसली पायजे. ते खिडकी उघडत नाई म्हणून सांगा. छत गळते, त्याच्याखाली बकेट ठेवा. त्याईले वाटलं पायजे का घर बेकार आहे. मंग ते म्हणतील, तुम्हीच घेऊन टाका. समजलं?"

"हौ."

"काय समजलं?"

"घर बेकार आहे," भाऊजी म्हणाले. म्हणताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मला पुढचं कठीण दिसायला लागलं.

मग तालीम झाली. मी राजेशबाबू झाले, पदर खोचून फाटकातून आत आले आणि हिंदीत विचारलं, "कहिए लांजेवारजी, कैसा है मकान?" भाऊजींनी मान खाली घालून उत्तर दिलं, "बहुत पुराना हो गया है, बाबूजी. जगह जगह से गलता है." कुंदाताई खूश झाल्या. मीही खूश झाले. फोमच्या विटा निघाल्या, ओल बाहेर आली, बकेट ठेवली गेली. त्या ओल्या भिंतीकडे भाऊजी अशा नजरेनं पाहत होते, जणू आम्ही त्यांच्या पोरीला फाटका फ्रॉक घालून पाहुण्यांपुढे बसवलं आहे.

दुसऱ्या दिवशी राजेशबाबू आले. माणूस वाईट नव्हता, हे मी सांगून ठेवते. दमलेला दिसत होता. ओसरीतच बसला, पाणी प्याला, आणि म्हणाला, "माँ आपका बहुत नाम लेती थी. इतना पुराना मकान है, अब इसमें बचा ही क्या होगा. आप ही सोच के बता दीजिए, जो ठीक लगे."

मी माझ्या ओसरीतून ऐकत होते. मध्ये कमरेएवढी भिंत, सगळं ऐकू येतं. कुंदाताई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. घर त्या क्षणी लांजेवारांचं झालं होतं. भाऊजींनी फक्त गप्प राहायचं होतं. 'हौ' म्हणायचीसुद्धा गरज नव्हती.

भाऊजींनी मान खाली घातली. तालमीत घातली होती तशीच. मग ती हळूहळू वर आली.

"बचा क्या होगा?" ते म्हणाले. "अंदर आइए."

पुढचा अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. उघडी फळी दाखवली. ओट्यावरच्या टाइल्सचे स्टिकर दाखवले, आणि ते पाण्यानं सुटत नाहीत हे पाणी ओतून दाखवलं. बकेट पायानं सरकवली. ओलीच्या भिंतीपुढे आल्यावर "यहाँ काम चालू है" म्हणाले आणि पलंगाखालून फोमच्या विटा काढून, लावल्यावर कसं दिसेल ते हातानं धरून दाखवलं. आवाज असा लागला होता की सगळी गल्ली ऐकत होती. नोकरीभर सर लोकांना सामान मांडून दिलं, आणि आज पहिल्यांदा प्रयोग स्वतः करून दाखवायला मिळाला होता. राजेशबाबूंनी मोबाइल काढला आणि एकेका खोलीचे फोटो घेतले. भाऊजी मागे सरकून उजेड सोडत होते.

निघताना राजेशबाबूंनी त्यांचा हात हातात घेतला. "लांजेवारजी, मैं तो सोच भी नहीं सकता था. आपने तो मकान की क़ीमत बढ़ा दी."

भाऊजींना आयुष्यभर जे वाक्य ऐकायचं होतं, ते त्या दिवशी ऐकायला मिळालं.

कुंदाताई आत गेल्या आणि बकेटमधलं पाणी मोरीत ओतून आल्या. नवऱ्याला एक शब्द बोलल्या नाहीत. मी बोलले. फाटकातूनच बोलले. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तो 'बचा ही क्या होगा' म्हणाला. मले सहन नाई झालं."

फोटो मोबाइलवर विक्रीच्या जाहिरातीत झळकले. फोन यायला लागले, आणि राजेशबाबूंनी जो आकडा सांगितला त्याला भाऊजींचे निवृत्तीचे पैसे आणि कुंदाताईंच्या बांगड्या दोन्ही मिळूनही पुरेनात. राजेशबाबूंनी थोडे दिवस वाट पाहिली, हेही खरं. भाऊजींनी गोंदियाच्या मुलीला विचारलं, बँकेत विचारलं, पण निवृत्त माणसाला कोण कर्ज देतं. त्या दिवसांत भाऊजी वाळले. पण एक दिवस मला मोबाइल दाखवायला आले.

"किचनचा फोटो पाह्यला का? काय मस्त आला."

मला त्यांचा असा राग आला आणि त्याच वेळी इतकं वाईट वाटलं, की मी म्हटलं, "हौ, मस्त आला," आणि आत जाऊन उगाच भांडी घासली.

मी स्वतःची समजूत घातली होती की चला, घर गेलं तरी माणसाचा मान राहिला. किंमत याच माणसानं वाढवली, हे गल्ली म्हणेल. तेवढंही टिकलं नाही. घेणारा आला तो चौकातल्या दुकानांचा मालक, सोबत ठेकेदार. दोघं गाडीतून उतरले आणि बाहेरूनच टेप लावून मोजायला लागले, फाटकापासून नालीपर्यंत, नालीपासून माझ्या भिंतीपर्यंत. भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते. त्यांची टेप खिशात होती.

"अंदर तो देख लीजिए," ते म्हणाले.

तो माणूस आपल्या मापातच होता. वरही न पाहता म्हणाला, "अंदर क्या देखना, अंकल. तोड़ना ही है. क़ीमत तो ज़मीन की है."

मी माझ्या ओसरीत वाळवण घालत होते. हात थांबले. वाटलं, देवा, हे निदान त्यांच्या मागं बोलला असता. किंमत जमिनीची होती. फळीची नाही, स्टिकरची नाही, पिवळ्या रंगाची नाही. ती त्यांनी वाढवलीच नव्हती. ती अम्माजींच्या सासऱ्यांच्या काळापासून आपली आपण वाढत होती, आणि भाऊजी तिच्यावर चित्रं चिकटवत होते.

भाऊजी दाराच्या पल्ल्यावर हात ठेवून म्हणाले, "तोड़ने के पहले यह दरवाज़ा मैं निकाल लूँ क्या? असली सागौन है."

त्या माणसानं प्लास्टिकच्या कागदाकडे पाहिलं आणि हसला. "ले जाइए, अंकल."

घर सोडायच्या दिवशी सामान टेम्पोत चढलं. मी दुपारी बैठकीत होते, तेवढ्यात भिंतीवर टकटक झाली. सवयीनं उठले, सासऱ्यांचा फोटो उतरवला, इकडून टकटक केली आणि मशीनची वाट पाहत उभी राहिले. मशीन काही सुरू होईना. शेवटी फोटो तसाच हातात घेऊन मी शेजारी गेले. रिकाम्या स्वयंपाकघरात भाऊजी भिंतीपुढे उभे होते, हातात पुट्टीचा डबा. फळी काढली होती आणि तिच्या भोकांत पुट्टी भरत होते. बाकीच्या खोल्यांतले खिळ्यांचे खड्डे आधीच भरून झाले होते.

"भाऊजी, पाडणार आहेत ना ते?"

"पाडू द्या ना," ते म्हणाले. "आपण देताना नीट द्यावं."

भोक भरून झालं, त्यांनी बोटानं कड साफ केली आणि डबा बंद केला.

घर पाडायला फार वेळ लागला नाही. सामाईक भिंत तेवढी राहिली, कारण ती माझीही आहे. आता माझ्या बैठकीच्या भिंतीची बाहेरची बाजू म्हणजे भाऊजींचं स्वयंपाकघर. रस्त्यानं जाणाऱ्यांना निळ्या फुलांच्या टाइल्सचे स्टिकर दिसतात आणि त्यांच्या वर पुट्टीचे पांढरे ठिपके एका ओळीत, लेव्हलमध्ये. पाऊस येऊन गेला तरी स्टिकर सुटले नाहीत. एवढं मात्र त्यांचं खरं निघालं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते भरवेलीच्या रस्त्याला, त्यांच्या नव्या भाड्याच्या घरी. दोन खोल्या आणि मागं मोरी. लांबूनच ओळखलं, कारण त्या टीचभर घराला ते दोन पल्ल्यांचं मोठं सागवानी दार बसवलेलं होतं. त्यासाठी भिंत कापून चौकट वाढवली होती. भाऊजी स्टुलावर उभं राहून पुट्टीच्या पत्तीनं दारावरचा प्लास्टिकचा कागद खरवडत होते. अर्धा निघाला होता, खालून खरं लाकूड दिसत होतं, आणि मान्य करते की ते फार सुंदर होतं. कुंदाताईंनी मला आत बसवलं, चहा ठेवला.

"मालक बरा आहे का?" मी विचारलं.

कुंदाताई चहाकडे पाहत राहिल्या. स्टुलावरून भाऊजींनीच सांगितलं, "लय चांगला माणूस आहे, वहिनी. काल दार पाहून खूश झाला. म्हणते, जब भी बेचूँगा, आप ही को दूँगा."

माझ्या तोंडावर बरंच काही आलं होतं, नेहमीसारखं. मी आतल्या भिंतीकडे पाहिलं. खालून वर एक मोठा ओला डाग चढत होता.

"भाऊजी," मी म्हटलं, "भिंतीले ओल आहे."

"हौ ना, आहे," ते म्हणाले.

"राहू द्या तिले. हात लावू नका. दाखवायच्या कामी येईल."

कुंदाताई हसल्या, किती दिवसांनी कोण जाणे. भाऊजीही हसले. मग ते स्टुलावरून उतरले, भिंतीजवळ आले, पेरानं टकटक करून कान लावला, आणि पलंगाखालून पुट्टीचा डबा ओढला.